शेतकरी कुटुंबाचा जमाखर्च : बारा महिन्यांचा मेळ

शेतकऱ्याच्या घरी पैसा वर्षातून दोन-तीन वेळा येतो, खर्च मात्र रोज होत असतो. नोकरदाराला ठरल्या तारखेस पगार मिळतो. दुकानदाराच्या गल्ल्यात दिवसाकाठी काही ना काही पडत असते. जिरायती शेतकऱ्याच्या हाती मात्र दिवाळीच्या सुमारास सोयाबीन किंवा कापसाचा, संक्रांतीनंतर तुरीचा आणि शिमग्याच्या आसपास हरभऱ्याचा पैसा पडतो. मधल्या काळात घर चालते ते दुधावर, मजुरीवर आणि बहुतांशी उसनवारीवर. उत्पन्न अपुरे आहे ही तक्रार कित्येक घरांच्या बाबतीत खरी आहे व तिचा उपाय शेतीच्या सुधारणेत शोधावयास हवा. तथापि ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न वर्षाच्या खर्चास पुरते, तेही घर कर्जात का रुतते, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर पिकात नसून पैसा येण्याच्या आणि जाण्याच्या वेळेत आहे.

हे समजण्यासाठी मराठवाड्यातील पाच एकर जिरायत जमीन असलेल्या पाच माणसांच्या एका कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपल्या घरचे आकडे घालावेत.

या कुटुंबास सोयाबीन २८ क्विंटल झाले व ते ४,२०० रुपये दराने विकून १,१७,६०० रुपये आले. तुरीचे २८,००० आणि हरभऱ्याचे ५३,००० रुपये मिळाले. म्हशीच्या दुधापासून, चारा-पेंड वजा जाता, आठ महिने दरमहा २,५०० प्रमाणे २०,००० रुपये सुटले. दोघांच्या मजुरीचे १५,००० आले. केंद्र शासनाच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या किसान सन्मान निधीचे ६,००० आणि राज्य शासनाच्या २०२३ मधील नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० जमेस धरले म्हणजे वर्षाची एकूण जमा २,४५,६०० रुपये होते.

खर्चाच्या बाजूस शेतीचे बी-बियाणे, खते, फवारणी, खुरपणी, कापणी-मळणी आणि रब्बीची पेरणी मिळून ९५,००० रुपये लागले. घरखर्च दरमहा ९,००० प्रमाणे १,०८,००० झाला. मुलांच्या शाळेचे, वह्या-पुस्तकांचे जून महिन्यात १२,००० गेले. सणावारास १०,००० आणि दवाखान्यास ८,००० लागले. एकूण खर्च २,३३,००० रुपये. वर्षाअखेर शिल्लक १२,६०० रुपये.

म्हणजे हे घर तोट्यात नाही. परंतु १ जून रोजी या घरात रोकड नाही असे धरले, तर पुढील चार महिन्यांत काय होते ते पाहावे. पेरणी, खत, खुरपणी व फवारणी यांस सप्टेंबरअखेर ६५,००० रुपये लागतात. घरखर्चाचे ३६,०००, शाळेचे १२,००० आणि पोळा-गौरीगणपतीचे ४,००० मिळून ५२,००० होतात. एकूण गरज १,१७,००० रुपयांची. आणि या चार महिन्यांत दूध, मजुरी व अनुदानाचे हप्ते मिळून येतात केवळ १९,०००. वर्षाचा हिशेब १२,६०० रुपयांनी वर असलेले हे घर सप्टेंबरअखेर ९८,००० रुपयांनी अडलेले असते.

ही ९८,००० रुपयांची अडचण कोणत्या दराच्या पैशाने भागविली, यावर त्या घराचे भवितव्य ठरते. ती गावातील खाजगी सावकाराकडून दरमहा शेकडा ३ रुपये दराने भागविली असे समजावे. सोयाबीनचा पैसा आल्यावर कापणी-मळणी, रब्बीची पेरणी, दिवाळी आणि घरखर्च यांत त्याचा मोठा भाग जातो, त्यामुळे कर्ज एकदम फिटत नाही. उरलेले तूर व हरभरा येईपर्यंत राहते. सरासरी सहा महिने धरले तरी व्याज १७,६४० रुपये होते. वर्षाची १२,६०० ची शिल्लक त्यात संपून उलट ५,०४० रुपयांची तूट येते. पीक चांगले आले, भाव बरा मिळाला, उधळपट्टी कोणी केली नाही आणि तरीही घर एका पायरीने खाली उतरले. पुढच्या जूनमध्ये ही तूट मुद्दलात मिसळते. तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला की मग जमिनीची गोष्ट निघते.

पैशाचाही भाव असतो

बाजारात बैल घेताना शेतकरी चार ठिकाणी भाव विचारतो, दात पाहतो. पैसा उसना घेताना मात्र हीच चौकसता बहुधा दिसत नाही, कारण व्याजाचा दर निरनिराळ्या वेषांत समोर येतो. शेकडा ३ रुपये हे ऐकावयास लहान वाटते. तो दर महिन्याचा असतो व वर्षाचा दर ३६ टक्के होतो. शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के. यास्तव कोणत्याही कर्जाचा दर प्रथम वर्षाच्या दरात बदलून घ्यावा व मगच दुसऱ्याशी ताडून पाहावा.

दुकानाची उधारी हा दुसरा वेष होय. एखादे कीटकनाशक रोखीने १,२०० रुपयांस व उधारीने, सोयाबीन आल्यावर देण्याच्या बोलीवर, १,३२० रुपयांस मिळते असे धरले, तर चार महिन्यांचे १२० रुपये जास्त पडले. चार महिन्यांना १० टक्के म्हणजे वर्षाला ३० टक्के. दुकानदाराने व्याज हा शब्द उच्चारलेलाही नसतो. उधारी घेणाऱ्याने रोखीचा भाव काय व उधारीचा भाव काय, हे दोन्ही विचारून वहीत शेजारी शेजारी लिहावेत. आडत्याकडून घेतलेल्या उचलीच्या बाबतीत व्याज नाही असे सांगितले जाते. परंतु उचल घेतली म्हणून माल त्याच्याच आडतीवर न्यावा लागतो. शेजारच्या बाजारात त्या दिवशी क्विंटलला शंभर रुपये अधिक मिळत असतील, तर तेच त्या उचलीचे व्याज समजावे.

तिसरा वेष हप्त्याच्या कर्जाचा. ४०,००० रुपये कर्ज, व्याज वर्षाला १२ टक्के, फेड २४ हप्त्यांत, असे सांगितले जाते. यात व्याज घटत्या शिलकेवर आहे की मूळ रकमेवर, हे विचारणे अगत्याचे आहे. मूळ रकमेवर दोन वर्षांचे व्याज ९,६०० लावून ४९,६०० रुपयांचे २४ हप्ते पाडले, तर दर महिन्याला मुद्दल कमी होत असूनही व्याज पूर्ण रकमेवर भरले जाते. खरा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. सूक्ष्म वित्त संस्थांच्या कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार कर्जदारास दर, शुल्क व हप्ते दाखविणारे पत्रक द्यावे लागते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत असे बंधन आहे. आणि मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड आकारता येत नाही. गटातील बायांनी हे पत्रक मागून घ्यावे. मासिक हप्त्याचे कर्ज ज्या घरात दुधाचा किंवा दुकानाचा दरमहा पैसा आहे त्याच घरास मानवते. दोन हंगामांवर जगणाऱ्या घराने ते घेतले की एका संस्थेचा हप्ता भरावयास दुसरीकडे जावे लागते.

पीककर्ज हा शेतकऱ्यास मिळणारा सर्वांत स्वस्त पैसा आहे. २०२५-२६ मध्येही केंद्र शासनाच्या व्याजसवलतीमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदत पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळत असून मुदतीत फेड करणारास ३ टक्क्यांची आणखी सवलत आहे. राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणारास व्याजाचा भार पडू नये अशी तरतूद झाली. या सर्व सवलतींचे मर्म मुदत या एका शब्दात आहे. सोसायटीच्या किंवा बँकेच्या सचिवास आपल्या कर्जाची नेमकी तारीख विचारावी व ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. तारीख हुकली की सवलत जाते, खाते थकबाकीत पडते आणि पुढील जूनमध्ये स्वस्त पैशाचे दार बंद होऊन महागड्या पैशाचे उघडते.

येथे ‘नवे-जुने’ करण्याच्या रिवाजाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मुदत जवळ आली की शेतकरी आठ-दहा दिवसांसाठी सावकाराकडून लाखभर रुपये घेतो, सोसायटीचे कर्ज भरतो, नवे कर्ज उचलतो आणि त्यातून सावकाराचे देणे देतो. दिवस दहा असले तरी व्याज पूर्ण महिन्याचे, म्हणजे शेकडा ३ प्रमाणे ३,००० रुपये द्यावे लागते. खाते थकविण्यापेक्षा हे बरे, हे हिशेबाने खरे आहे; एक लाखावरील ७ टक्क्यांचे ७,००० वाचविण्यासाठी ३,००० गेले. परंतु पेरणीसाठी मिळालेला पैसा पेरणीस न लागता जुन्या कर्जाच्या जागी बसला, आणि पेरणीसाठी पुन्हा उधारी करावी लागली. तीन-चार वर्षे नवे-जुने करणाऱ्या घरात पीककर्ज केवळ कागदावर फिरत असते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे, कर्ज मिळाल्याच्याच आठवड्यात खात्यातून सगळी रक्कम एकदम काढली गेलेली असते.

लग्नखर्चाचा प्रश्न

शेतकऱ्याच्या कर्जाविषयी बोलणारा मनुष्य प्रथम लग्नखर्चावर घसरतो. हा दोषारोप फार जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते जाळली आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हा सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. लग्न व इतर समारंभांवरील खर्चास कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असे मत या आयोगानेच नोंदविले. खाण्याचे धान्य, बी, बैल, सरकारी सारा यांसाठी वारंवार घेतलेल्या लहान लहान रकमा व त्यांवरील व्याज यांनी कर्जाचा डोंगर उभा राहतो, असे त्या चौकशीत दिसून आले. या उठावानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

लग्नात उधळपट्टी होत नाही असे याचा अर्थ नव्हे. जमीन गहाण टाकून मांडव घालणारी घरे आजही आहेत व त्यांचे हाल सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. परंतु लग्न दहा-पंधरा वर्षांत एकदा येते आणि जून महिना दरवर्षी येतो. जो कार्यकर्ता शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून आरंभीच लग्नखर्चावर प्रवचन देतो, त्याला पुढचे काही कळत नाही. घरमालक मान डोलावतो आणि उधारीचा विषय झाकलेलाच राहतो. लग्नाविषयी बोलावयाचेच तर ते मुलगी दहा वर्षांची असताना बोलावे. त्या वेळी टपाल खात्यात किंवा बँकेत दरवर्षी हरभऱ्याच्या पैशातून थोडी रक्कम टाकण्याची गोष्ट करता येते. पत्रिका छापावयास गेल्यावर बोलण्यात अर्थ नसतो.

वही कशी ठेवावी

वही ठेवणे म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर वाण्याची किर्द-खतावणी येते. इतक्या पसाऱ्याची गरज नाही. शंभर पानी साधी वही घ्यावी. डाव्या पानावर जमा व उजव्या पानावर खर्च, तारीख घालून लिहावा. खर्चाच्या पानास दोन रकाने पाडावेत, एक शेतीचा व एक घराचा. एवढे वेगळे झाले की अर्धे काम झाले. कारण शेती आणि घर यांची पिशवी एक असल्यामुळे सोयाबीनने नफा दिला की म्हशीने, आणि घराने किती खाल्ले, हे कोणासही सांगता येत नाही. घरात खाल्लेले धान्य व दूध बाजारभावाने टिपून ठेवावे. विकलेल्या दुधाच्या पैशात म्हैस परवडत नाही असे वाटणाऱ्या घरात मुलांनी प्यालेले दूध मोजले म्हणजे चित्र बदलते. क्वचित याच्या उलटही दिसते.

लिहिण्याचे काम बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्यावे व जेवणापूर्वी पाच मिनिटांत उरकावे. आठवड्याचा हिशेब बाजाराच्या दिवशी एकदम लिहू म्हणणाऱ्याची वही दुसऱ्या महिन्यात बंद पडते. मोबाईलवर बँकेचे संदेश येतात, मग वही कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. संदेश पैसा गेला एवढेच सांगतो. तो बियाण्यास गेला की पानपट्टीस, हे सांगत नाही. शिवाय पैसे मिळविण्यासाठी गुप्त अंक कधीच टाकावा लागत नाही, हेही या तरुणांनी वडीलधाऱ्यांस समजावून द्यावे. अनुदान आले आहे, अंक टाका, असे सांगणारा ठक असतो. फसवणूक झाल्यास त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण अशा वेळी तास-दोन तासांच्या विलंबाने रक्कम हातची जाते.

वहीच्या शेवटच्या पानास उधारीचे पान म्हणावे. कोणाकडून, किती, कोणत्या दराने, कोणत्या तारखेस, कोणासमक्ष घेतले आणि बदल्यात कोणता कागद दिला, एवढे त्यावर लिहावे. हे पान घरातील किमान दोन माणसांस वाचता आले पाहिजे व त्यांपैकी एक घरधनीण असावी. पुरुषाने घेतलेले कर्ज बायकोस न सांगण्याची चाल फार आहे. काळजी नको म्हणून सांगितले नाही असे त्याचे समर्थनही केले जाते. मग अपघात होतो, आजार येतो, किंवा माणूस स्वतःच्या हाताने जीव संपवितो, आणि तेराव्याच्या आत एक मनुष्य कागद घेऊन दारात उभा राहतो. त्यावरची रक्कम खरी की खोटी, किती फिटली व किती उरली, हे त्या बाईस ठाऊक नसते. एका पानाने दुःख टळत नाही, पण लुबाडणूक टळते. ज्या घरात दोघे मिळून हे पान वाचतात, तेथे रकमेची भीतीही काहीशी कमी होते, असे कित्येक बचत गटांतील बाया सांगतात.

कोऱ्या कागदावर सही अथवा अंगठा, कोरा धनादेश आणि तारण म्हणून करून दिलेले खरेदीखत, या तीन गोष्टी कोणत्याही निकडीत देऊ नयेत. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ मध्ये अमलात आला. परवान्यावाचून सावकारी करणे त्याखाली गुन्हा आहे. परवानाधारक सावकारास शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ व बिनतारणी कर्जावर १२ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येणार नाही, असे शासनाने त्याच वर्षी ठरवून दिले. सावकारीच्या व्यवहारात मागील १५ वर्षांच्या आत जमीन बळकावली गेली असल्यास जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो व चौकशीअंती ते खरेदीखत रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. वर दिलेले दरमहा शेकडा ३ चे उदाहरण या कायद्याच्या बाहेरचे आहे हे उघड आहे. तरीही ते गावोगाव चालते, म्हणूनच येथे घेतले.

जूनची तरतूद मार्चमध्ये

आता वरील कुटुंबाकडे पुन्हा पाहावे. त्याची सप्टेंबरअखेरची ९८,००० ची अडचण दोन भागांची आहे. ६५,००० शेतीस लागतात, त्यासाठी पीककर्ज आहे. उरलेले ३३,००० घराचे आहेत. किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२ च्या सुधारित योजनेत पीककर्जाच्या रकमेवर १० टक्के वाढ घरखर्च व काढणीनंतरच्या गरजांसाठी धरली आहे. म्हणजे ६५,००० वर ६,५०० रुपये. तेवढ्याने घराचे चार महिने निघत नाहीत. बहुतेक घरांत होते ते असे की, पीककर्जातून घर चालते, खत उधारीने येते, आणि सोयाबीन आले की दोन्हीकडची माणसे एकाच वेळी दारात येतात.

यावर तरतूद अशी की, हरभऱ्याच्या पैशातून पावसाळ्यातील घरखर्चाचे ३३,००० रुपये बाजूस काढून वेगळ्या खात्यात ठेवावेत व १ जूनपूर्वी त्यांस हात लावू नये. हे पहिल्याच वर्षी साधणार नाही. घराची वर्षाची शिल्लक १२,६०० आहे, तेव्हा ही रक्कम पूर्ण उभी राहावयास तीन हंगाम लागतील. या तीन वर्षांत कमी पडणारा भाग बचत गटातून किंवा कार्डावरील घरखर्चाच्या भागातून घ्यावा. गटाचे अंतर्गत व्याज पुष्कळ ठिकाणी शेकडा २ रुपये दरमहा, म्हणजे वर्षाला २४ टक्के असते. हा दर कमी नाही, पण ते व्याज गटातच राहते व वर्षाअखेर सभासदांच्या वाट्यास येते. तीन वर्षांनी घराची उसनवारी केवळ पीककर्जापुरती उरते आणि तेही मार्चपर्यंत फिटते. एखादे वर्ष दुष्काळाचे गेले तर हा काळ लांबेल, आणि काही घरांची शिल्लकच शून्याखाली असेल. अशा घरांना वहीचा उपयोग एवढाच की, पैसा व्याजात जातो की एखाद्या न परवडणाऱ्या पिकात, हे त्यांस नेमके समजते.

सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर पडत्या भावात न विकता ठेवावे काय, हा प्रश्न याच संदर्भात येतो. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालू आहे. वखारीत ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के दराने मिळते. १० क्विंटल सोयाबीन ४,२०० दराने ४२,००० चे झाले. त्यावर ३१,५०० रुपये मिळाले. चार महिन्यांचे व्याज ६३० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ६३ रुपये. त्यात वाहतूक आणि वजनातील घट मिळवावी. भाव याहून अधिक वाढला तरच ठेवण्यात लाभ आहे. भाव दरवर्षी वाढतोच असे नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात चढलेल्या सोयाबीनच्या भावावर विसंबून ज्यांनी पुढील हंगामांचा माल घरात दाबून ठेवला, त्यांचे नुकसान झाले. २०२४ मध्ये ४,८९२ रुपये हमीभाव असताना कित्येक बाजारांत त्याखाली व्यवहार झाले. सगळा माल ठेवू नये व सगळा एकदम विकूही नये. देणी भागतील एवढा विकावा, उरलेल्याचे तारण करावे.

ठेव आणि विमा

बाजूस काढलेला पैसा कोठे ठेवावा हेही महत्त्वाचे आहे. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकांसही ते लागू आहे. गावातील पतसंस्था व विविध कार्यकारी सोसायटी यांतील ठेवींस ते नाही. अर्धा टक्का व्याज जास्त मिळते म्हणून सारी पुंजी पतसंस्थेत टाकणाऱ्याने हा फरक ध्यानात घ्यावा. शेळ्या पाळणे हीही एक ठेवच आहे. अडीअडचणीस एक विकता येते. तिला रोगाची भीती आहे, म्हणून सारी ठेव त्या रूपात नसावी.

पीक विम्यास खरीप अन्नधान्य व गळितधान्यास शेतकऱ्याने विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीस दीड टक्का व नगदी पिकांस ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावयाचा असतो. २०२३ मध्ये राज्यात सुरू झालेली एक रुपयात विम्याची सोय २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, हे अजून सर्वांस माहीत नाही. तेव्हा जूनच्या खर्चात या हप्त्याची रक्कम धरावी. माणसाच्या विम्याकडे मात्र दुर्लक्ष होते. २०१५ पासूनच्या दोन योजनांत बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून २ लाखांचा जीवन विमा आणि २० रुपये कापून २ लाखांचा अपघाती विमा मिळतो. पहिल्यात १८ ते ५० व दुसऱ्यात १८ ते ७० वयापर्यंत नाव घालता येते. कपात मे महिन्याच्या अखेरीस होते व त्याच वेळी शेतकऱ्याचे खाते रिकामे असते, त्यामुळे विमा गुपचूप बंद पडतो. सर्पदंश व वीज यांचे दिवस नेमके त्यानंतर सुरू होतात. मे महिन्यात खात्यात पाचशे रुपये राहतील एवढे पाहावे आणि वारसाचे नाव लागले आहे की नाही ते बँकेत विचारून घ्यावे.

कार्यकर्त्याने काय करावे

गावसभेत कोणासही त्याचे कर्ज विचारू नये. प्रथम फळ्यावर बारा महिने मांडावेत आणि कोणत्या महिन्यात गावात पैसा येतो व कोणत्या महिन्यात आटतो, हे लोकांकडूनच भरून घ्यावे. बाया या कामात पुरुषांपेक्षा अचूक असतात, कारण आषाढात डबा रिकामा झालेला त्यांनीच पाहिलेला असतो. दर महिन्याच्या दराचा वर्षाच्या दरात हिशेब करणे हा दुसऱ्या बैठकीचा विषय होय. त्यानंतर ज्या घरांची इच्छा असेल, त्यांच्याकडे स्वतंत्रपणे जाऊन वही सुरू करून द्यावी आणि पहिले दोन महिने दर पंधरवड्यास ती पाहावी. गावात पाच वह्या वर्षभर चालल्या तरी पुष्कळ झाले. पन्नास वह्या वाटून त्यांचे छायाचित्र काढणे सोपे आहे.

वही सुरू करण्यास गुढीपाडव्याचा दिवस योग्य होय. व्यापारी लक्ष्मीपूजनास वही बदलतो. शेतकऱ्याचे वर्ष पाडव्यास पालटते, सालगड्याचा करारही त्याच दिवशी होतो. हरभरा विकला गेलेला असतो आणि नांगरणीस अवकाश असतो. त्या दिवशी घरातील धान्याची पोती मोजावीत, जनावरे लिहावीत, हातची व खात्यातील रोकड लिहावी, उधारीचे पान नव्या वहीत उतरून काढावे, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांस घरखर्चाचे किती कमी पडतील, तो आकडा पहिल्या पानावर, कर्जाच्या तारखेखाली, मोठ्या अक्षरांत लिहावा.